फॅशन आणि माध्यमांतल्या 'पहिल्या' बायका: सुविचार नकोत, काम सांगा

मधुरा_के
दर मार्चमध्ये त्याच चार-पाच बायकांचे फोटो फिरतात. शॅनेलने बायकांना कॉर्सेटमधून (कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्रातून) सोडवलं, लंडनच्या मेरी क्वांटने मिनीस्कर्ट आणला, अमेरिकन टीव्ही पत्रकार बार्बरा वॉल्टर्सने दहा लाख डॉलर मिळवले. खाली एक सुविचार, मागे गुलाबी रंग. वाचून हाती काही लागत नाही. कापड कसं कापलं म्हणून ते अंगावर वेगळं बसलं? कॅमेरा कसा चालवला? करारात काय लिहून घेतलं?

तर या धाग्यावर 'पहिली' म्हणायचं असेल तर पुढे काम सांगायचं. हत्यार, माप, कृती आणि कुठे फसतं ते. प्रश्न एकच: या बायकांनी केलेला कोणता बदल आजही वापरात आहे आणि तो चालतो कसा?

सुईदोरा
मग पॅरिसच्या डिझायनर मादलेन व्हिओनेपासून सुरू करू (१८७६-१९७५). कॉर्सेटचं श्रेय वाटायचंच असेल तर १९०७ साली दूसे या कपड्यांच्या पेढीत तिने बिनकॉर्सेटच्या मॉडेल उभ्या केल्या होत्या. तेव्हा शॅनेलचं टोप्यांचं दुकानही निघालेलं नव्हतं.

तिचं खरं काम उरेबचं, म्हणजे कापड तिरकं कापण्याचं. उरेब कापड आधीही वापरायचे, पण कॉलर, पट्टी, पायपिंग एवढ्यापुरतं. हिने अख्खा झगा उरेबमध्ये कापला. ताणा आणि बाणा, म्हणजे कापडातले उभे-आडवे धागे, आपापल्या दिशेने फारसे ताणले जात नाहीत. कापड ४५ अंशात टांगलं की विणीतल्या चौकोनांचे शंकरपाळे होतात, लांबी वाढते, रुंदी आवळते आणि टक्स न घालता कापड कंबरेला टेकतं. त्यासाठी ती नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त पन्ह्याचं क्रेप मागवायची, कारण अरुंद पन्ह्यावर उरेब काढला की जोड द्यावे लागतात. आधी अर्ध्या मापाच्या लाकडी पुतळ्यावर कापड गुंडाळून रचना पक्की करायची, मग ती पूर्ण मापात वाढवायची.

करून बघणाऱ्यांसाठी:

कापड एकेरी पसरा. घडी घालून कापू नका, खालचा थर सरकतो आणि दोन अंशांचा फरकही शिवल्यावर दिसतो. सुळसुळीत कापडाखाली पातळ कागद ठेवा आणि कागदासकट कापा. मध्यभागी जोड असेल तर डावा-उजवा भाग एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे हवेत. दोन्ही एकाच दिशेने कापले तर घेर पायाभोवती पिळत जातो. मार्जिन अडीच ते चार सेंटिमीटर सोडा. कापलेले भाग एक-दोन दिवस टांगून ठेवा आणि मगच पुन्हा आखा. ताणा आणि बाणा सारखे मजबूत नसतात, त्यामुळे कडा कमी-जास्त उतरतात.

टीप मारताना दोऱ्याचा ताण सैल ठेवा. अर्धा मिलिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर लांब असा बारीक झिगझॅग चालतो. सरळ घट्ट टीप मारली तर अंगात घालताच कापड ताणतं, दोरा ताणत नाही, आणि शिवण तुटते. खांदा, गळा आणि चेनची जागा मात्र सरळ धाग्याच्या पट्टीने बांधून घ्या.

शंकासुर
म्हणजे शिंपी म्हणतो "उरेबला कापड जास्त लागेल", तेव्हा तो खरं बोलत असतो! एवढ्या वर्षांच्या राष्ट्रीय संशयाचं काय करायचं? 😄

चष्मेवाली
व्हिओनेची दुसरी बाजू राहिली. तिच्या झग्यांची चोरी इतकी व्हायची की लेबलवर ती अंगठ्याचा ठसा उमटवायची. प्रत्येक झग्याचा फोटो आरशांसमोर काढायचा, पुढची, मागची आणि कडेची बाजू एकाच वेळी दिसेल असा. ते फोटो अल्बममध्ये लावून नोंदवून ठेवायचे, नक्कल झाली की हाच पुरावा. १९५२ मध्ये तिने झगे आणि अल्बम फ्रान्समधल्या संग्रहाला देऊन टाकले.

कामगार बायकांना पगारी रजा, दवाखाना, दातांचा डॉक्टर आणि पाळणाघर हेही तिच्याकडे होतं, कायद्याने भाग पाडण्याच्या आधीपासून.

तिरकस
व्हिओनेला दंडवत, पण म्हणून शॅनेलला धाग्याबाहेर काढू नका. अंतर्वस्त्रांसाठी वापरलं जाणारं जर्सी कापड तिने पहिल्या महायुद्धाच्या काळात बाहेर घालायच्या कपड्यांत आणलं, ते कमी आहे का?

मधुरा_के
@तिरकस, काढत नाही. फक्त मग सगळंच लिहू. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४१ साली ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन तिने अत्तराची कंपनी आपल्या ज्यू भागीदारांकडून बळकावायचा प्रयत्न केला. तो फसला, कारण भागीदारांनी मालकी आधीच एका ख्रिस्ती माणसाच्या नावावर करून ठेवली होती. सुविचारांच्या चौकटीत हे मावत नाही.

तिरकस
मान्य. पण तिचं जाकीट चांगलंच आहे.

सुईदोरा
जाकीट चांगलंच आहे, आणि का चांगलं आहे ते बाहेरून दिसत नाही. सैल विणीचं ट्वीड एरवी अंगावर फुगतं. बक्रम (आत लावायचं कडक कापड) लावलं तर पुठ्ठा होतो. त्या पद्धतीत बक्रमऐवजी रेशमी अस्तरच ट्वीडला उभ्या टिपांनी शिवून टाकतात, त्यामुळे कपडा मऊही राहतो आणि आकारही धरतो.

प्रत्येक भाग चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठा कापायचा. ट्वीड आणि अस्तर उलट बाजू आतमध्ये घेऊन एकावर एक ठेवायचे आणि साधारण तीन-तीन सेंटिमीटरवर उभ्या टिपा मारायच्या, टाका लांब, तीन ते साडेतीन मिलिमीटर. टिपा कडेच्या चार-पाच सेंटिमीटर आधी थांबवायच्या. इथेच बहुतेक जण फसतात. टीप कडेपर्यंत नेली की जोडताना अस्तर बाजूला करता येत नाही. टिपा मारल्यावर भाग थोडा आकसतो, म्हणून खरं माप त्यानंतर कापायचं. मग ट्वीड ट्वीडला मशीनवर जोडायचं, अस्तर वरून हाताने बारीक टाक्यांनी मिटवायचं. खालच्या कडेला आतून साखळी. ती दागिना नाही, वजन आहे. हात वर केल्यावर जाकीट परत जागेवर येतं ते तिच्यामुळे आणि वर चढवलेल्या लहान काखेमुळे.

रिकामा_खिसा
माझं मत अमेरिकन डिझायनर क्लेअर मकार्डलला (१९०५-१९५८). पॅरिसमध्ये शिकताना तिने व्हिओनेचे जुने झगे विकत घेऊन उसवून पाहिले होते, म्हणजे धागा आपोआपच पुढे जोडला जातो.

१९४२ चा तिचा 'पॉपओव्हर' झगा: पुढून एकावर एक येणारा, बांधायचा, मोठा खिसा, सोबत त्याच कापडाचा ओव्हनमध्ये हात घालायचा मोजा. किंमत ६.९५ डॉलर. एवढी कमी ठेवता आली कारण तो कामाचा कपडा म्हणून नोंदवला होता. पहिल्याच हंगामात ७५,००० विकले गेले. युद्धात चामड्यावर रेशन आलं तेव्हा बॅलेचे बूट त्यातून सुटले होते, तर तिने त्यांनाच रस्त्यावर चालण्याजोगा तळ लावून घेतला. आजचे सपाट पंप्स तिथून आले.

बांधायचे पट्टे, पुढे लागणारे पितळी हूक, डेनिमवर दुहेरी टीप. सगळ्यामागे हिशोब एकच, बाईला दुसऱ्याच्या मदतीशिवाय कपडा घालता आला पाहिजे. पाठीवरची चेन कोणी शोधली असेल त्याने एकदा एकट्याने लावून दाखवावी.

आणि हो, खिसे! १९४० मध्ये जे जमत होतं ते आज का जमत नाही?

शंकासुर
कारण खिसा दिला तर पर्स कोण घेणार?

सुईदोरा
विनोद बरोबर, पण कारखान्यातलं कारणही आहे. शिवणीतल्या खिशाला दोन पिशव्यांचे चार तुकडे जास्त कापावे लागतात आणि दर कपड्यामागे काही मिनिटांची मजुरी वाढते. पातळ कापडात तो बाहेर उमटतो आणि शिवण खाली ओढतो. उपाय सोपा आहे: पिशवीचं वरचं टोक कंबरपट्टीत अडकवायचं, म्हणजे वजन शिवणीवर न येता कंबरेवर येतं.

जुनी_रीळ
सगळे शिवणातच अडकलेत. 'माध्यमं' पण आहेत शीर्षकात.

होमाय व्यारावाला (१९१३-२०१२), भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून आले. 'डालडा १३' हे टोपणनाव गाडीच्या नंबरवरून, डीएलडी १३. १९७० मध्ये काम थांबवलं, पद्मविभूषण २०११ मध्ये.

आता काम. ती वापरायची तो स्पीड ग्राफिक कॅमेरा म्हणजे काय प्रकरण होतं ते बघा. रीळ नाही, चार बाय पाच इंचाच्या सुट्या फिल्म. एका होल्डरमध्ये दोनच, पुढे एक, मागे एक. एका फोटोचा क्रम असा: अंतर पाहून फोकस, छिद्र ठरवणं, शटर चढवणं, होल्डरची फिल्म झाकणारी पाटी उपसणं, फ्लॅशचा बल्ब बसवणं, फोटो, पाटी उलटी करून परत घालणं, तापलेला बल्ब काढणं, होल्डर फिरवणं. पाटीच्या कडेची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली. पाटी उलटी करायची राहिली की त्याच फिल्मवर दुसरा फोटो बसतो आणि दोन्ही जातात. पाटी उपसायचीच राहिली तर काहीच येत नाही.

बल्बचा हिशोब तोंडी करायचा. गाइड नंबरला (बल्बच्या ताकदीच्या आकड्याला) अंतराने भागलं की छिद्र मिळतं. बल्बचा नंबर १६० आणि माणूस १० फुटांवर असेल तर एफ १६, २० फुटांवर असेल तर एफ ८. हे सगळं साडी नेसून, गर्दीत, खांद्यावर सामान घेऊन. पंतप्रधान पुन्हा हात वर करणार नसतात.

चष्मेवाली
म्हणूनच तिच्या फोटोंत नेमका क्षण पकडलेला असतो. सेकंदाला दहा फोटो काढून त्यातला एक निवडायची सोयच नव्हती.

पडद्यामागे
भानू अथय्यांचं नाव अजून कसं नाही आलं? जन्म कोल्हापूर, १९२९. जे.जे.मध्ये चित्रकला. सुरुवात 'ईव्ह्ज वीकली'त फॅशनची रेखाचित्रं काढण्यापासून, म्हणजे बाई माध्यमातून कपड्याकडे आली. 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ चं ऑस्कर, जॉन मोलोबरोबर विभागून. कुठल्याही भारतीयाला मिळालेलं ते पहिलं. २०१२ मध्ये नीट जतन व्हावं म्हणून त्यांनी बाहुली अकादमीला परत दिली.

अशा सिनेमात कपडा शिवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं तो जुना करणं. नवी खादी पडद्यावर नवीच दिसते. कपडेपटात सर्वसाधारण रीत अशी: आधी दोन-चार धुण्यांनी खळ काढायची. पांढरा रंग कॅमेऱ्यात फटफटीत येतो म्हणून चहाच्या फिक्या पाण्यातून काढायचा. खिशात दगड भरून ओला कपडा टांगायचा, खिसे खऱ्यासारखे लोंबतात. कोपर, गुडघे, कॉलरची घडी बारीक पॉलिश पेपरने घासायची. फसतं ते इथे: सगळीकडे सारखंच घासलं की कपडा जुना न दिसता घाणेरडा दिसतो. झीज हालचालीप्रमाणे हवी, लिहिणाऱ्याची उजवी बाही, ओझं वाहणाऱ्याचा खांदा. आणि एका कपड्याच्या दोन-तीन प्रती असतील तर सगळ्यांची झीज फोटो समोर ठेवून जुळवायची, नाहीतर दार उघडताना कॉलर झिजलेली आणि आत शिरल्यावर नवी.

तिरकस
आणि 'ब्रह्मचारी'तली मुमताजची केशरी साडी? १९६८ ची. तीही त्यांचीच.

पडद्यामागे
हो, तीच शिवलेली साडी. नाचात निऱ्या सुटू नयेत म्हणून चेन लावून घालायची. आज 'रेडी टू वेअर साडी' म्हणून जे विकतात त्याची आजी. शिवताना निऱ्या फक्त वरच्या १५-२० सेंटिमीटरपर्यंत दाबायच्या, खालपर्यंत दाबल्या की पाऊल टाकता येत नाही.

वाचनमात्र
वाचतेय. 'मिनी' कोणाची ते कोणी सांगेल का? क्वांट की फ्रेंच डिझायनर कुरेज?

सुईदोरा
स्वतः क्वांटच लंडनच्या किंग्ज रोडवरच्या मुलींना श्रेय द्यायची. भांडणात अर्थ नाही. तिचं जास्त कष्टाचं काम पीव्हीसीचं होतं. १९६३ मध्ये तिने चमकत्या प्लॅस्टिकचे कोट दाखवले, मागणी आली, आणि कारखान्यात शिवताच येईनात. प्लॅस्टिक मशीनच्या पायाला चिकटायचं, पुढे सरकायचंच नाही. सुई एकाच जागी घुटमळली की भोकांची ओळ तयार व्हायची आणि कोट तिथूनच फाटायचा. शिवणी नीट जमायला जवळपास दोन वर्षं गेली.

आज पीव्हीसी शिवायचं असेल तर टेफ्लॉनचा पाय लावा, किंवा वर-खाली टिश्यू पेपर ठेवून नंतर फाडा. टाका साडेतीन-चार मिलिमीटर. टाचण्या नकोत, क्लिपा लावा, कारण भोक बुजत नाही. उसवायची वेळ आली तर तो भाग गेलाच समजा. थेट इस्त्री नाही, शिवण बोटाने दाबायची.

मधुरा_के
भोकं बुजत नाहीत यावरून अ‍ॅन लो आठवली. १९५३ मध्ये जॅकलिन बूव्हियेचा (पुढे केनेडी) लग्नाचा झगा तिने केला. सुमारे ५० यार्ड हस्तिदंती रेशमी तफेता. लग्नाला दहा दिवस असताना वर्कशॉपमध्ये पाइप फुटला, वधूचा झगा आणि पाठराखिणींचे बहुतेक झगे भिजले. आठवड्यांचं काम दहा दिवसांत पुन्हा केलं, २,२०० डॉलरचं नुकसान सोसलं आणि घरच्यांना कळूही दिलं नाही. झगे पोहोचवायला गेली तेव्हा तिला मागच्या दाराने यायला सांगितलं. कृष्णवर्णीय होती. वर्तमानपत्रांनी झग्याचं बारीकसारीक वर्णन छापलं, शिवणारणीचं नाव नाही.

सुईदोरा
भिजलेले झगे वाळवून का नाही वापरले, असा प्रश्न पडत असेल तर: रेशमी तफेत्यावर पाण्याचा डाग वाळला की कडेला वलय राहतं आणि कडकपणाही जातो. म्हणून तफेत्याला वाफेची इस्त्री नाही, कोरडीच, आणि तीही मधे सुती फडकं ठेवून. टाचण्या फक्त मार्जिनमध्ये, कारण तफेत्यातही भोक बुजत नाही.

करारनामा
नाव न छापण्याचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी.

एक, एलेनॉर लँबर्ट (१९०३-२००३). कपडे शिवत नव्हती, प्रसिद्धीचं काम करायची. अमेरिकेत तेव्हा कपड्यावर कारखान्याचं नाव असायचं, डिझायनरचं नाही. मकार्डलचं नाव लेबलवर १९४० पासून दिसू लागलं, ते अपवादात जमा. लँबर्टने १९४३ मध्ये पॅरिस बंद असताना देशभरच्या पत्रकारांना न्यूयॉर्कला बोलावून 'प्रेस वीक' भरवला. आजचे फॅशन वीक त्याच साच्यात चालतात. १९६२ ला डिझायनरांची संघटना, १९७३ ला व्हर्सायचा सामना, म्हणजे तिथल्या राजवाड्यात फ्रेंच विरुद्ध अमेरिकन डिझायनरांचा शो. त्या सामन्यात अमेरिकनांचा पडदा फूट-मीटरच्या गोंधळात तोकडा निघाला, ऐनवेळी कागदावर काळ्या रंगात आयफेल टॉवर काढून वेळ निभावली. तरी रात्र त्यांनी जिंकली, आणि त्याचं मोठं श्रेय त्यांच्याबरोबर आलेल्या कृष्णवर्णीय मॉडेलना जातं.

दोन, बार्बरा वॉल्टर्स. दहा लाखांचा आकडा सगळ्यांना पाठ, पण अर्धे पैसे बातम्यांच्या विभागाकडून आणि अर्धे मनोरंजनाकडून होते हे कोणी सांगत नाही. त्याआधीच्या सकाळच्या कार्यक्रमात सहकारी फ्रँक मगीचा नियम होता: स्टुडिओतल्या गंभीर मुलाखतीत पहिले तीन प्रश्न तो विचारणार, ही चौथ्यापासून. नियम स्टुडिओपुरता होता. मग ती मुलाखती स्टुडिओबाहेर जाऊन घेऊ लागली! शिवाय करारात कलम घातलं होतं, की मगी गेला तर ती सहनिवेदक होणार. १९७४ मध्ये तो वारला आणि कलम लागू झालं. त्या दिवशी ते कोणाच्या लक्षातही नसेल, सही मात्र होती.

शंकासुर
चौथा प्रश्न विचारणारीनेच पुढे सगळ्यांना रडवलं.

जुनी_रीळ
मॉडेलचा विषय निघालाय तर प्रकाशाचंही बोलू. पहिली कृष्णवर्णीय मॉडेल, बेव्हर्ली जॉन्सन, अमेरिकन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आली ऑगस्ट १९७४ मध्ये. ब्रिटिश 'व्होग'वर डोनियेल लूना १९६६ मध्येच. उशिराचं मुख्य कारण वर्णद्वेष, पण यंत्रंही निष्पाप नव्हती. रंगीत प्रिंटचा मेळ ज्या 'शर्ली कार्ड'वर बघून लावायचे त्यावर गोरी बाई असायची. गडद छटा नीट येत नाहीत म्हणून कोडॅककडे जोर लावला तो चॉकलेट आणि लाकडी सामानाच्या जाहिराती करणाऱ्यांनी.

मीटरचं गणित आजही तेच. परावर्तित प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं १८ टक्के करडं आहे असं धरून चालतो. गडद चेहऱ्यावर रोखला तर जास्त उजेड देतो, चेहरा राखी होतो. पांढऱ्या कपड्यावर रोखला तर कमी देतो, चेहरा बुडतो. म्हणून चेहऱ्यापाशी धरून पडणारा उजेड मोजणारा मीटर वापरा. नसेल तर चेहऱ्यावर मोजा आणि एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. दिवा मोठा आणि बाजूला ठेवा, कारण गडद त्वचेला आकार चकाकीतून येतो. मागून एक बारीक दिवा, नाहीतर केस पार्श्वभूमीत मिसळतात.

चष्मेवाली
केसांवरून: नाओमी सिम्स मॉडेलिंग सोडून विगच्या धंद्यात आली. बाजारातले विग गोऱ्या केसांच्या पोताचे. तिने घरच्या ओव्हनमध्ये कृत्रिम धागे भाजून-भाजून हवा तो पोत मिळवला. मॉडेल म्हणून आठवतात तिला, केमिस्ट म्हणून नाही.

मधुरा_के
मूळ प्रश्नाकडे येते. उरेब, शिवलेली साडी, फॅशन वीक हे टिकलं. पण चष्मेवाली आणि करारनामा यांचे प्रतिसाद वाचून माझं मत वॉल्टर्सच्या कलमाला आणि व्हिओनेच्या अल्बमला. कापायची पद्धत कोणीही उचलतं, नाव मात्र लिहूनच घ्यावं लागतं.

सुईदोरा
असहमत. अल्बम संग्रहालयात आहे, उरेब कपाटात आहे.

वाचनमात्र
@सुईदोरा, साटीनच्या उरेब झग्याची खालची कड एका धुण्यात वाकडी होते. टांगून ठेवूनही.

सुईदोरा
ओला असताना हँगरला लावला जात असेल. पाण्याच्या वजनाने उरेब पुन्हा उतरतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका, आणि सपाट पसरून वाळवा. कड पुन्हा करायची असेल तर झगा अंगात घालून, जमिनीपासून पट्टीने दर १० सेंटिमीटरवर खूण करा, टेबलावर नाही. दुमड ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. रुंद दुमडीची वरची आणि खालची कड सारख्या घेराची नसते, म्हणून ती वळते. आधी कडेपासून ६ मिलिमीटरवर एक टीप, त्या टिपेवर दुमडून दुसरी टीप, उरलेलं कापड टिपेलगत छाटा, मग पुन्हा दुमडून शेवटची. ओढू नका, लाटा पडतील.